‘अबाइड विथ मी’चे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची

मा. संपादक यांस,
स. न.

जानेवारी संपत आला की ‘बीटिंग रिट्रीट’च्या, म्हणजे प्रजासत्ताक दिनानंतर दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या सैन्याच्या बँडसोहळ्याच्या, बातम्यांबरोबर ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती स्तोत्राचा उल्लेख मराठी वृत्तपत्रांत येतोच. २०२० साली ते कार्यक्रमातून वगळणार अशी चर्चा झाली, पण त्या वर्षी ते राहिले. २०२२ साली मात्र ते गेले आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून आली. सोहळ्यात काय वाजवावे हा वाद इथे करायचा नाही. मुद्दा माहितीचा आहे. या निमित्ताने छापून येणाऱ्या मजकुरात ‘हेन्री फ्रान्सिस लाइट यांनी १८४७ साली रचलेली धून’ अशा अर्थाचे एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसते, आणि ते चूक आहे. लाइट यांनी शब्द लिहिले. विजय चौकात वाजत आली ती चाल विल्यम हेन्री मंक यांची, १८६१ सालची. ती छापली गेली तेव्हा लाइट यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती. शिवाय त्या सोहळ्यात शब्द कोणी गात नसे. सैन्याचे बँड चाल वाजवत आणि दूर ठेवलेल्या घंटानळ्यांवरून तिचे सूर उमटत. म्हणजे २९ जानेवारीच्या संध्याकाळी लोक जे ऐकत होते ते सगळे मंक यांचे होते, आणि नेमके त्यांचेच नाव बातमीत नसे.

तिच्या जागी आलेल्या गाण्याबद्दल लिहिताना आपण किती काटेकोर असतो ते पाहावे. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत सी. रामचंद्रांचे, आवाज लताबाईंचा, प्रसंग २७ जानेवारी १९६३ चा, हे सगळे न चुकता छापले जाते. तोच न्याय जुन्या स्तोत्राला लावायला काही अडचण नसावी. शब्द आणि चाल वेगळ्या हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रतींत प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाची ओळ दिलेली असते. एकच अभंग चार फडांवर चार चालींत ऐकू येतो. इंग्रजी स्तोत्रांचा व्यवहारही असाच चालतो. फरक इतकाच की तिकडे चालीला स्वतःचे नाव असते. मंक यांच्या या चालीचे नाव ‘ईव्हनटाइड’, म्हणजे सांजवेळ.

आधी शब्दांविषयी. लाइट यांचा जन्म १ जून १७९३ रोजी स्कॉटलंडमधल्या एडनम गावचा. शिक्षण आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. १८१५ साली दीक्षा. पुढे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हन परगण्यातल्या ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या बंदरगावात ते वीस वर्षांहून अधिक काळ धर्मगुरू होते. फुप्फुसाच्या दुखण्याने ते खंगले होते आणि हिवाळ्यात उबदार हवेसाठी दक्षिण युरोपात जात. १८४७ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या मंडळीपुढे अखेरचे प्रवचन केले, प्रवासाला निघाले आणि २० नोव्हेंबरला नीस शहरी वारले. तिथेच त्यांना पुरले आहे.

हे स्तोत्र त्यांनी त्या अखेरच्या प्रवचनानंतर संध्याकाळी तासाभरात लिहिले, ही गोष्ट फार सांगितली जाते. तिचे मूळ मुलीने १८५० साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या उरलेल्या लेखनाच्या पुस्तकात आहे. पण तिथे ‘लिहिले’ असे म्हटलेले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी हे छोटे स्तोत्र, स्वतः बांधलेल्या चालीसह, एका जवळच्या नातलगाच्या हाती दिले, एवढेच आहे. ‘दिले’चे ‘लिहिले’ सांगणाऱ्यांनी केले. ऑगस्ट १८४७ च्या अखेरीस एका पत्रासोबत त्यांनी आपली ताजी रचना म्हणून हेच स्तोत्र पाठवल्याचेही दाखवले जाते. त्यामुळे प्रवचनाच्या दिवशीची एकटाकी रचना ही कल्पना टिकत नाही. दुसरा एक पक्ष म्हणतो की आयर्लंडमध्ये एका मरणासन्न मित्राच्या उशाशी असताना १८२० च्या सुमारास ते सुचले. माझे मत १८४७ कडे झुकते. शब्दांत जी निकड आहे ती स्वतः पैलतीर पाहणाऱ्याची आहे, आणि कागदोपत्री पुरावाही त्याच बाजूला जड आहे.

त्या नोंदीतला दुसरा तपशील तितकाच मोलाचा आहे: लाइट यांनी स्वतःची चाल बांधली होती. म्हणजे ‘चाल लाइट यांची’ म्हणणाऱ्यांची चूक अगदी निराधार नाही. अशी चाल होती, पण ती रुळली नाही. आज जगभर जी ऐकू येते ती ती नव्हे.

स्तोत्राचा आधार लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातले २९ वे वचन आहे. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना येशू भेटतो, ते त्याला ओळखत नाहीत, पण दिवस उतरल्याने थांबण्याचा आग्रह करतात. लाइट यांनी तो दिवस आयुष्याचा केला. मूळ कडवी आठ आहेत. स्तोत्रपुस्तकांत बहुधा पाचच छापतात: पहिले, दुसरे, सहावे, सातवे, आठवे. गळालेल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या कडव्यांत वक्ता देवाशी जास्त खाजगी बोलतो. ओझरती नजर नको, मुक्काम हवा. राजाधिराजाच्या दरार्‍याने येऊ नकोस. तरुणपणी मी तुझ्यापासून दूर गेलो तरी तू सोडले नाहीस. समूहाने गाताना ही कडवी अवघड वाटली असतील, पण ती वाचल्याशिवाय स्तोत्र पुरते कळत नाही. पाचच वाचली तर ते दिवेलागणीचे गाणे वाटते, आणि पुस्तकांनी ते सायंप्रार्थनेच्या विभागातच टाकले. खरे तर विषय मृत्यूचा आहे.

आता चालीकडे. मंक यांचा जन्म १६ मार्च १८२३, लंडन. मृत्यू १ मार्च १८८९. लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि पुढे स्टोक न्यूइंग्टनच्या सेंट मथायस चर्चमध्ये ते ऑर्गनवादक होते. १८६१ साली निघालेल्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या स्तोत्रसंग्रहाचे ते संगीत-संपादक. त्या पहिल्या आवृत्तीत २७३ स्तोत्रे होती, आणि तिचे मोठे काम हे की शब्द व चाल एकाच पानावर छापून तिने त्यांची लग्ने लावली. त्याआधी शब्दांचे पुस्तक वेगळे, चालींचे वेगळे, आणि कोणत्या शब्दांना कोणती चाल हे ऑर्गनवादकाच्या मर्जीवर. लाइट यांच्या शब्दांना पसंत पडेल अशी चाल मिळेना म्हणून मंक यांनी संपादक मंडळाची बैठक आटोपल्यावर दहा मिनिटांत ‘ईव्हनटाइड’ लिहिली, असे सांगतात. त्यांच्या पत्नीची आठवण निराळी आहे: दुःखाच्या काळात दोघे रोज मावळता सूर्य पाहत बसत, त्या दिवसांत ही चाल झाली. दोन्ही आठवणी मागाहून सांगितलेल्या आहेत. निश्चित आहे ते छापील पान, १८६१.

चालीची घडण पेटीवर पाहता येते. मूळ स्वर ई फ्लॅट, म्हणजे षड्ज काळी दोन. चार ओळी, प्रत्येक ओळीत दहा स्वर आणि सोळा मात्रा. सगळे स्वर मध्य सप्तकातले. आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा धरायचा, उभी रेघ चार मात्रांच्या आवर्तनाची:

ग – ग रे । सा – प – । ध प प म । ग – – –
ग – म प । ध – प – । म रे ग म (तीव्र) । प – – –
ग – ग रे । सा – प – । प म म ग । रे – – –
रे – ग म । ग रे सा म । ग – रे – । सा – – –

सा ते ध, एवढ्या सहा स्वरांत सगळे आटोपते. इंग्लंडच्या एफए कप फुटबॉल सामन्याच्या अंतिम फेरीत १९२७ पासून भरले मैदान ते गाते. गायन न शिकलेल्या हजारोंना ते जमते त्याचे मोठे कारण हा आटोपशीर पल्ला आहे. त्याहून सुंदर गोष्ट प्रत्येक ओळीचे शिखर पाहिले की दिसते. पहिल्या ओळीत ध, दुसरीत ध, तिसरीत प, चौथीत म. चाल ओळीगणिक खाली उतरत जाते. मंक यांनी दिवस मावळण्याचे एकही नक्कल-चित्र काढलेले नाही, तरी स्वरांची उंचीच मावळते. असे काम दहा मिनिटांत झाले असेल तर त्यामागे वीस वर्षांचा ऑर्गनवरचा हात होता.

बसवताना चुका कुठे होतात तेही ठरलेले आहे. पहिली दुसऱ्या ओळीच्या शेवटी. तिथला तीव्र मध्यम, म्हणजे पांढरी सहा, सोडून पेटीवाले सवयीने शुद्ध मध्यम, काळी चार, धरतात. मग पंचमावर जाणारी ओढच नाहीशी होते आणि साथीला कॉर्ड वाजत असतील तर सरळ बेसूर ऐकू येते. दुसरी तिसऱ्या ओळीत. तिची पहिली दोन आवर्तने पहिल्या ओळीसारखीच आहेत, म्हणून तोंड आपोआप धैवताकडे जाते. तिथे पंचमावरच राहायचे आहे. तिसरी आणि सर्वांत मोठी चूक चौथ्या ओळीत होते. पहिल्या तीन ओळींत लांब स्वरांची जोडी दुसऱ्या आवर्तनात येते, चौथ्या ओळीत ती तिसऱ्या आवर्तनात सरकते. समूह सवयीने ‘ग’ दोन मात्रा धरतो, साथ पुढे निघून जाते, आणि शेवटचे तीन स्वर गोळा करत बसावे लागते. तालमीत ही एकच ओळ टाळी देऊन, शब्दांशिवाय, चार-पाचदा म्हणवून घेतली की प्रश्न सुटतो.

सोळा मात्रा दिसल्या म्हणून तबल्यावर तीनताल लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. या चालीला चार-चार मात्रांचा संथ, सम वजनाचा चालता श्वास आहे. तालाचे भरीव बोल आले की ओळीअखेरचा चार मात्रांचा मुक्काम भरून निघतो, आणि श्वास घ्यायची जागा तीच असते. गतीचा हिशेब सोपा आहे. एका कडव्याच्या ६४ मात्रा. मिनिटाला ८० मात्रांची लय ठेवली तर कडवे ४८ सेकंदांचे, पाच कडवी चार मिनिटांत. ६० वर आणली की पाच कडव्यांना ५ मिनिटे २० सेकंद लागतात आणि साध्या गळ्यांना ओळ एका श्वासात पुरत नाही. अंत्यविधीत लोक ते रडव्या संथपणे ओढतात, तिथे ओळी मध्येच तुटतात ते याचमुळे.

गोवा, वसई, मुंबई, पुणे इथल्या ब्रास बँडवाल्यांसाठी एक सूचना. ई फ्लॅटमधला पियानोचा कागद ट्रंपेट, क्लॅरिनेट अशा बी फ्लॅट वाद्यांपुढे तसाच ठेवला तर ती एक पूर्ण स्वर खाली वाजतात. त्यांचा कागद एफ मेजरमध्ये हवा. आल्टो सॅक्सोफोन आणि इतर ई फ्लॅट वाद्यांचा सी मेजरमध्ये, एफमधल्या फ्रेंच हॉर्नचा बी फ्लॅट मेजरमध्ये. ट्रॉम्बोन बास क्लेफमध्ये मूळ पट्टीतच वाचतात. आणि कागद उतरवून घेताना चालीचे नाव तपासावे. सॅम्युअल लिडल यांनी याच शब्दांना एकल गायन व पियानोसाठी अगदी वेगळे संगीत दिले आहे आणि क्लारा बट यांच्या आवाजात ते गाजले. ‘अबाइड विथ मी’ एवढेच पाहून कागद आणला तर गायकांच्या डोक्यात मंक आणि वादकांपुढे लिडल, असा घोटाळा होतो. ‘ईव्हनटाइड’ हे नाव असेल तरच ती आपली चाल.

मराठी शब्द या चालीवर बसवणाऱ्यांना आपल्या छंदशास्त्राचा फायदा आहे. पहिल्या तीन ओळींत १, ४, ५ आणि १० ही अक्षरे लांब स्वरांवर येतात. चौथीत १, ८, ९ आणि १०. तिथे गुरू अक्षरे हवीत. गुरू अक्षर एका मात्रेत दाबले तर चालून जाते, लघू अक्षर दोन मात्रा ताणले की कानाला खटकते. मूळ इंग्रजीत पहिल्याच अक्षरावर दोन मात्रा आहेत आणि ते अक्षर आघाताविना आहे. दुसऱ्या ओळीतही तसेच. या जोडीतला हा खरा सांधा दिसतो तो इथे, कारण कवीने चाल ऐकलेली नव्हती. चौथी ओळ मात्र ‘हेल्प’ने सुरू होते आणि तिथे शब्द व स्वर एकमेकांसाठीच जन्मल्यासारखे वाटतात. मराठी ख्रिस्ती उपासनेत परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरे आहेत आणि रेव्ह. ना. वा. टिळकांची अभंगाच्या वळणाची स्वतंत्र पदेही आहेत. टिळकांची वाट अधिक निरोगी हे खरे, पण जिथे परदेशी चाल ठेवायचीच आहे तिथे अक्षरांची ही मोजणी चुकवून चालत नाही.

गांधीजींच्या आवडीच्या स्तोत्रांचा उल्लेख होतो तेव्हा आणखी एक गल्लत होते. ‘लीड, काइंडली लाइट’ हे वेगळे स्तोत्र. शब्द जॉन हेन्री न्यूमन यांचे, १८३३ चे, सिसिलीहून मार्सेयकडे जाणाऱ्या बोटीवर लिहिलेले. रूढ चाल जॉन बॅकस डाइक्स यांची ‘लक्स बेनिग्ना’, १८६५ ची. नरसिंहराव दिवेटिया यांनी गुजरातीत ‘प्रेमळ ज्योति’ केले ते याचे. इंग्रजी कवीचे आडनाव लाइट आणि या स्तोत्राच्या नावात ‘लाइट’, यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळली जातात. छंदावरून ती लगेच वेगळी काढता येतात. इंग्रजी स्तोत्राचा छंद ओळीतल्या अक्षरांच्या आकड्यांनी लिहितात. ‘अबाइड विथ मी’ १०.१०.१०.१०, न्यूमन यांचे १०.४.१०.४.१०.१०. एकाची चाल दुसऱ्याला बसणारच नाही. उलट एडवर्ड हॉपकिन्स यांची ‘एलर्स’ ही १८६९ ची चाल १०.१०.१०.१० असल्याने तिच्यावर लाइट यांचे शब्द खुशाल गाता येतात.

शब्द आणि चाल यांच्यामधले अंतर कधी याहून मोठे असते. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द जॉन न्यूटन यांनी १७७३ च्या नववर्षदिनासाठी लिहिले, १७७९ च्या ‘ओल्नी हिम्स’मध्ये छापले. आज ऐकू येणारी ‘न्यू ब्रिटन’ ही चाल अमेरिकेत विल्यम वॉकर यांनी १८३५ च्या ‘सदर्न हार्मनी’त त्या शब्दांना जोडली. न्यूटन १८०७ सालीच वारले होते. त्यांनी ही जोडी कधी ऐकली नाही, तरी चालीचे श्रेय त्यांनाच दिलेले दिसते.

मंक हे आडनाव पुढे जॅझमध्येही या चालीशी जोडले गेले. पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या १९५७ च्या तबकडीची सुरुवात ‘अबाइड विथ मी’नेच होते, पियानो न वाजवता, फक्त फुंकवाद्यांवर, मिनिटभराच्या आत. चार आवाजांची मूळ मांडणी किती भक्कम आहे ते तिथे उघड ऐकू येते. आणि शब्दांचे बळ पाहायचे तर ऑक्टोबर १९१५ ची ब्रसेल्समधली रात्र आठवावी: परिचारिका इडिथ कॅव्हेल यांनी गोळ्या घातल्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी धर्मगुरूबरोबर हेच स्तोत्र म्हटले. तिथे चाल नव्हती, फक्त लाइट होते.

हक्कांची शंका कार्यक्रम करणारे विचारतात. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. लाइट १८४७ ला, मंक १८८९ ला गेले. शब्द आणि चाल दोन्ही खुली आहेत. अलीकडच्या वाद्यरचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क मात्र निराळे असतात, तेवढे विचारून घ्यावे.

पुढच्या जानेवारीत, किंवा नाताळ व शुभशुक्रवारच्या कार्यक्रमपत्रिकांत, एवढी एक ओळ छापली तरी पुरे: ‘अबाइड विथ मी’ – शब्द : हेन्री फ्रान्सिस लाइट (१८४७), चाल : ‘ईव्हनटाइड’, विल्यम हेन्री मंक (१८६१). फक्त धून वाजणार असेल आणि जागा एकाच नावापुरती असेल, तर ते नाव मंक यांचे असावे.

आपला,
स्तोत्रसंगीताचा एक अभ्यासक, पुणे